संत्र्याच्या सालीची गोळी आणि अक्काचं पथ्य

त्या डबीवर एक हिरवं पान छापलेलं होतं, त्याखाली अर्धं चिरलेलं संत्रं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’. ते शब्द आठवले तरी अजून माझं डोकं फिरतं. “धोतरासुद्धा शंभर टक्के वनस्पतीच असतो,” असं मी त्या दिवशी अक्काला म्हणाले होते. ती हसली. “तुझं आपलं कायतरीच,” म्हणाली, गोळी तोंडात टाकली आणि वरून तांब्याभर पाणी प्याली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. देवगाव फाट्याला एसटीतून उतरायचं आणि तिथून ऑटोनं आत जायचं, असं तिचं गाव. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती दाजींबरोबर ऊसतोडीला गेली, डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढली. पुढं ते सुटलं आणि गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायचं काम मिळालं. तेही उभ्यानंच. खिचडी हलवायची उभ्यानं, वाढायची उभ्यानं, पातेली घासायची तेवढी बसून. तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर निळ्या शिरा गाठी मारल्यासारख्या वर आलेल्या. संध्याकाळी पाय जड व्हायचे, घोट्याशी सूज यायची, तिथली कातडी काळी पडत चालली होती. “कामाचे पाय हायत, दुखनारच,” एवढं बोलून ती विषय संपवायची.

मी परभणीत माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पायातलं रक्त वर चढावं म्हणून शिरांमध्ये झडपा असतात, त्या सैल पडल्या की रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. सैल पडलेली झडप कुठल्याही गोळीनं पुन्हा घट्ट होत नाही, हेही सांगते. मुलं ऐकतात. घरच्या माणसांना मात्र मी बाई वाटत नाही, धाकटी वाटते, आणि धाकटीचं ऐकायचं नसतं.

त्या वर्षी शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. अक्काची डावी पोटरी एकाएकी सुजली, तापली, हात लावू देईना. तिनं आधी हळदीचा लेप लावून पाहिला. मला कळल्यावर मी जाऊन तिला परभणीला आणलं. डॉक्टरांनी पायाची सोनोग्राफी केली. आतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. त्यांनी रक्त पातळ ठेवणारी एक बारीक गोळी लिहून दिली, पायात घालायला घट्ट मोजे सांगितले, “मी सांगेपर्यंत गोळी बंद करायची नाही” असं बजावलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. हळूहळू सूज उतरली. अक्का पुन्हा खिचडीला उभी राहिली.

मोजे तिनं एक दिवस घातले. शेगडीपुढं त्या मोज्यांत पाय उकडून निघाले म्हणून ते दोरीवर गेले, ते गेलेच. त्यावरून मी इतकी भांडले की दाजी म्हणाले, “तुमी एकदा घालून शेगडीपुढं हुबं ऱ्हावा, मग बोला.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि खोटं नव्हतं याचाच मला जास्त राग आला.

मग आखाड आला. गावातल्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. संध्याकाळी सगळ्या बाया पांढरी लुगडी नेसून जमायच्या, वंदना व्हायची, वाचन व्हायचं. तिथं एक दिवस वाचन संपल्यावर दाजींचा मावसभाऊ उभा राहिला. हा गृहस्थ आधी विमा विकायचा, मग पाणी शुद्ध करायचं मशीन विकायचा, आता शिरांच्या गोळ्या विकायला लागला होता. त्यानं विचारलं, “कुनाकुनाचे पाय दुखत्यात?” उभं आयुष्य शेतात आणि चुलीपुढं काढलेल्या बायांना हा काय प्रश्न झाला? सगळे हात वर. मग त्यानं संत्र्याच्या सालीत असणाऱ्या फ्लेव्होनॉइडची, डायोस्मिनची, हेस्पेरिडिनची नावं अशी घडाघडा म्हणून दाखवली की मीसुद्धा वर्गात तेवढ्या तोऱ्यात म्हणत नाही.

अक्कानं फोनवर मला हे कौतुकानं सांगितलं. मी म्हणाले, “अक्का, फसवतोय तो.”

“फसवायला ह्यो काय अंगारा हाय का?” ती म्हणाली. “डबीवर समदं शास्त्रीय लिवलंय.”

इथंच तर खरी गोम होती. आमच्या घरात आज्यापासून अंगारा नाही, गंडा नाही, दोरा नाही. आईनं देव्हारा उचलला तो उचललाच. कुणी भगत-मांत्रिक दारात आला असता तर अक्कानं झाडू घेऊन हाकलला असता. पण डबीवर लांबलचक नावं आणि कोपऱ्यात सूक्ष्मदर्शकाचं चित्र पाहिल्यावर आम्हा लोकांचा विरोधच गळून पडतो. शास्त्राचा पोशाख घालून आलेल्याला आम्ही पाट मांडतो, पाणी देतो, वर चहा करतो. हे मला माझ्या माणसांबद्दल म्हणावं लागतं आणि म्हणताना चडफडायला होतं.

रविवारी मी गेले. ती डबी हातात घेऊन पुढून, मागून, खालून वाचली. मावसभाऊही आला होता. “बाई, ह्ये औषध न्हाई, अन्न हाय,” तो मला समजावायला लागला. “अन्नाचा कुनाला त्रास व्हतो का?”

“अन्न असेल तर सकाळ-संध्याकाळ मोजून कशाला घ्यायचं?” मी विचारलं. “आणि औषध असेल तर औषधासारखी तपासणी कुठं झालीय?”

तो दाजींकडं बघून हसला. शिकलेल्या बायकांकडं बघून असं हसायची एक रीत आहे आमच्याकडं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आल्यावर मी हट्टाला पेटले. रोज शाळेतून आल्यावर मोबाइलवर त्या गोळीबद्दल जे जे अभ्यास सापडतील ते वाचत बसले. मला वाटलं होतं, निव्वळ थोतांड निघेल, ते मी अक्कापुढं ठेवीन आणि मामला मिटेल. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं! पण निघालं ते धड इकडंही नाही, धड तिकडंही नाही. या द्रव्यांनी पायाची सूज थोडी उतरते, जडपणा काहींना कमी वाटतो, असं दिसतं. काही डॉक्टर हेच द्रव्य चिठ्ठीवर लिहूनही देतात. पण फुगलेली शीर जाते, जखम लवकर भरते, असं काही पक्कं हाती लागत नाही. पुष्कळसे अभ्यास थोड्या काळाचे, पुष्कळसे बनवणाऱ्यांच्याच पैशावर झालेले. वर्षानुवर्षं घेतली तर काय, पोटुशी बाईनं घेतली तर काय, याला कुणाकडं नीट उत्तर नाही. त्रास म्हणाल तर बहुतेक पोटाचा: मळमळ, जुलाब, कुणाला डोकेदुखी, कुणाला अंगावर पुरळ. आणि खोल शिरेतल्या गुठळीवर ही गोळी इलाज आहे, असं तर कुणी म्हणतच नव्हतं. फक्त तो मावसभाऊ म्हणत होता.

आता हे घेऊन मी भांडायचं कसं? “थोडा उपयोग होतो, पण तुला हवा तो होत नाही,” हे वाक्य घेऊन कुणी भांडण जिंकलंय का? तिकडं तो “समद्या शिरा मोकळ्या व्हत्यात” एवढंच म्हणायचा आणि बाया माना डोलवायच्या. खरं बोलणाऱ्याला पण, परंतु, कदाचित लावावं लागतं. खोटं बोलणाऱ्याला यातलं काही लागत नाही.

तरी मी सोडलं नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “एरवी घेतली असती तर फार काही बिघडलं नसतं. पण त्यांची रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. तिच्याबरोबर असल्या गोष्टी जमतातच असं नाही, रक्तस्राव होऊ शकतो. डबी दाखवायला आणा, तोवर देऊ नका.” मी लगेच अक्काला फोन लावला.

“ती हिरवी डबी बंद कर. दोन्ही गोळ्या सोबत पोटात जाता कामा नयेत.”

“सोबत न्हाईच घ्यायले मी,” अक्का म्हणाली. “तेवढं कळतं मला.”

मला वाटलं, एक सकाळी घेत असेल, एक संध्याकाळी. तरी पुन्हा बजावलं, ते बंद कर. ती “बरं” म्हणाली. अक्काचं हे “बरं” ओळखायला मला आजवर जमलेलं नाही. ते होकाराचंही असतं आणि फोन ठेव म्हणायचंही असतं.

त्यानंतर दर फोनला तोच विषय. मी तिला झडपा सांगितल्या, अभ्यास सांगितले, कंपन्यांचे पैसे सांगितले, अन्न आणि औषध यातला फरक सांगितला. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, “मला फरक पडायलाय.” फरक पडतोय म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? मी हात टेकले होते, पण तोंड बंद केलं नव्हतं.

दसऱ्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी मी गेले. जाताना तिच्या आवडीचं लिंबाचं लोणचं नेलं होतं. ती नळावरून घागर घेऊन आली आणि उंबऱ्यातच टेकली. दम लागला होता. “वय झालं आता,” म्हणाली. मी बरणी पुढं केली, तर तिनं ती उघडलीसुद्धा नाही, फळीवर ठेवून दिली.

“अगं, खा की.”

“आंबट बंद हाय मला.”

“कुणी बंद केलं?”

“झाडपाल्याच्या दव्याला आंबट चालतं का?” तिनं उलट मलाच विचारलं. मी आधी पोट धरून हसले. म्हटलं, अगं बाई, ती गोळीच संत्र्याच्या सालीची आहे, लिंबू तिचा सख्खा भाऊ लागतो! पण हसता हसताच मला लहानपणीची कावीळ आठवली.

आमच्याकडं कावीळ झाली की दवाखान्यात जात नाहीत. सकाळी उपाशीपोटी झाडपाल्याचा रस देणारा कुणीतरी प्रत्येक टापूत असतो. रस प्यायचा आणि मग पथ्य सुरू: तेल बंद, आंबट बंद, वांगं बंद, आणि दवाखान्याची औषधं तर एकदम बंद. दोन दवा पोटात गेल्या की आपसात भांडतात, असं सगळे म्हणतात. मला कावीळ झाली तेव्हा आईनं माझ्या खोकल्याचं औषधसुद्धा उचलून माळ्यावर ठेवलं होतं. आईनं देव्हारा काढला, पण पथ्य नाही काढलं. ते कुणाला श्रद्धा वाटतच नाही, ते शहाणपण वाटतं.

माझं हसणं जागच्या जागी थांबलं.

“अक्का, आंबट बंद. आणखी काय काय बंद आहे?”

“वांगं. त्याल कमी. आन् ती दवाखान्याची बारकी गोळी.”

“कधीपासून?”

“ही सुरू केली तवापसून. सोबत कशी घेऊ? तूच म्हनलीस की, सोबत न्हाई घ्यायची.” ती शांतपणे सांगत होती. “मी तुज्या सांगन्याआधीच ठिवून देली व्हती.”

मी तिचं लुगडं वर करून पाय पाहिला. सूज पोटरीवर थांबली नव्हती, मांडीपर्यंत गेली होती. “छातीत दुखतं का?” विचारलं, तर म्हणाली, “मोठा दम घेतला की टोचतं. ग्यास झालाय.”

दाजी ओसरीवर सुपारी कातरत होते. म्हणाले, “सोमवारी जाऊ, आज डॉक्टर भेटत न्हाई.” त्यानंतर मी दाजींना जे बोलले ते इथं लिहीत नाही. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला असं बोलायची रीत नाही, आणि ते बिचारे ऐकून न ऐकल्यासारखं करून जीप बघायला धावले. परभणीच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वरखाली होत होता. अक्का मागच्या सीटवर पाय लांब करून पडली होती आणि मलाच धीर देत होती. मला तिचाही राग येत होता, आणि भीती इतकी वाटत होती की राग आहे म्हणून बरं, असं वाटत होतं.

गुठळी वर सरकली होती आणि तिचा एक तुकडा फुप्फुसात गेला होता. अक्काला दाखल करून घेतलं, नाकाला ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर मला म्हणाले, “मी सांगितलं होतं ना, बंद करायची नाही?” सांगितलं होतं. ते चिडले होते, मी चिडले होते, आणि ज्या माणसावर चिडायचं ते डोळे मिटून श्वास मोजून घेत होतं.

दाजी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसले होते. “आमी कायी वाईट केलं का?” ते मला विचारत होते. “पथ्य समदं पाळलं. घरात लोनचं आनू देलं न्हाई.” आणि ते खरंच होतं. इतकं कडक पथ्य पाळणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. ज्या गोळीवाचून काही अडत नव्हतं तिच्यासाठी त्यांनी जीव टाकून सगळं पाळलं, आणि ज्या गोळीवर सगळं टिकून होतं ती फडताळात ठेवून दिली. संत्र्याच्या गोळीनं स्वतः काही केलं नव्हतं. तिला दोष द्यावा तर तोही धड देता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावसभाऊ भेटायला आला. हातात आधीच्यापेक्षा मोठी डबी. “वैनींचा डोस कमी पडला,” तो मला म्हणाला, “आता डबल करू.” वॉर्डातली माणसं बघत होती. मी त्याला विचारलं, घेणाऱ्याची दुसरी औषधं कोणती चालू आहेत हे तू एकदा तरी विचारतोस का? तो म्हणाला, “बाई, ह्ये हर्बल हाय, विचारायचं काय त्यात?” मी ती डबी त्याच्या पिशवीत परत घातली, पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली आणि त्याला दारापर्यंत सोडून आले. तो जाताना दाजींना म्हणाला की बाईंचं डोकं जरा गरम आहे. होतंच.

अक्का वाचली. पाय मात्र पहिल्यासारखा होणार नाही, सूज राहणार, उभ्यानं काम करता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. शाळेतली खिचडी सुटली. ज्या दिवशी घरी न्यायचं होतं, त्या दिवशी मी तिच्या कॉटवर बसून औषधं पिशवीत भरत होते आणि माझं तोंड चालूच होतं: ती हिरवी डबी पुन्हा घरात दिसली तर बघ, त्या मावसभावाला घरात घेतलंस तर बघ, संत्र्याच्या सालीनं हे होत नाही आणि ते होत नाही. अक्का त्या बारक्या गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं करत होती.

“ही कशाची गं?” तिनं विचारलं.

“रक्त पातळ ठेवायची.”

“ते ठावं हाय. रगत पातळ ठिवून काय व्हतं?”

मी पिशवी बाजूला ठेवली. मग सांगितलं. शिरेत रक्त थिजून गाठ होते. ती गाठ सुटली की रक्ताबरोबर वर जाते, छातीत जाऊन अडकते. मोठी असली तर माणूस बसल्या जागी जातो. ही गोळी गाठ वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

“मंजी ही मला जिती ठिवायलीय?”

“हो.”

“मला वाटलं, पाय दुखायची गोळी हाय. पाय दुखायचा थांबला व्हता, म्हनून ठिवून देली.” तिनं ते पाकीट जपून कनवटीला खोचलं आणि माझ्याकडं पाहिलं. ती जराही रागावलेली नव्हती. “त्या संत्र्याच्या गोळीनं काय काय व्हत न्हाई, ते तू मला आखाडापसून सांगायलीस. ह्या गोळीनं मी जिती ऱ्हाते, हे बी सांगायचं व्हतं की गं.”